माझा माल रंगवणाऱ्या अक्का

अक्कांना उघडं लाकूड बघवत नसे. कुणी उघड्या अंगाने अंगणात अंघोळीला बसला की शेजारच्या बायका जशी मान वळवतात, तशी अक्का पॉलिश केलेल्या टेबलावरून मान वळवायच्या आणि म्हणायच्या, "ह्याच्या अंगावर कायतरी घाला की." कायतरी म्हणजे ऑइल पेंट, आणि तोही पोपटी. पोपटी संपला तर निळा, निळाही संपला तर शेजाऱ्याच्या दाराला लावून उरलेला जो असेल तो. घरातली काथवट आणि लाटणं तेवढी सुटली होती, तीही भाकरीला रंग लागेल म्हणून. कपाळाला विभूती आणि नखांत रंग, हे दोन्ही अक्कांच्या अंगावर रोजचं.

अक्का माझ्या सासूबाई. अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. मराठी बोलायच्या तेव्हा समोरच्याला आपण काहीतरी चुकलोय असं वाटायचं. अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. दुसऱ्या कुठल्या जावयाची अशी सासू असती तर त्याने कौतुकाने चार लोकांना सांगितलं असतं. पण मी जुन्या फर्निचरचा व्यापारी आहे. माझ्या नशिबी हे यावं, याचा राग माझ्या मनात अजून आहे.

राग का, ते समजावं म्हणून धंद्याचं थोडं सांगतो. मोडनिंबहून सोलापुरात आलो तेव्हा माझ्याजवळ दोन हात होते, बाकी काही नाही. नवी पेठेत हातगाडी ओढली. लोकांची कपाटं पाठीवर घेऊन जिने चढलो. ती वाहता वाहता लाकूड कळायला लागलं: वजनावरून, वासावरून, ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून. मग मोडक्या खुर्च्या घेऊन नीट करून विकायला लागलो. आज गावाबाहेर माझं गोडाऊन आहे आणि ते कुणाच्या बापाने दिलेलं नाही. भाव करायला बसलो की समोरच्याला घाम फुटतो. डोकंही गरम आहे, ते मी नाकारत नाही. तर या धंद्यात जुन्या सागवानावर ऑइल पेंट म्हणजे दुधात मीठ. नक्षीच्या खाचा रंगाने बुजतात. खरवडायला माणूस बसवला तर त्याची मजुरी मालाच्या नफ्याला गिळते. आणि पेंट मारलेली वस्तू बघितली की गिऱ्हाईक "बघून येतो" म्हणतं आणि कधीच परत येत नाही.

मी मुलगी बघायला गेलो, तोच पहिला प्रसंग. अक्कांचं बिऱ्हाड गिरणीच्या चाळीत होतं. मला एका निळ्या बाकड्यावर बसवलं. माझी बोटं बसल्या जागी स्वस्थ राहत नाहीत. बाकड्याच्या खालच्या बाजूला सहज नख मारलं, तर रंगाची खपली निघाली आणि आत जुनं, दाट रेषांचं सागवान. मला राहवेना. पाहुण्यांचं बोलणं चाललेलं असताना मी हळूच वाकून बघायला लागलो. मान वर केली तर समोर पोह्यांची बशी घेऊन अक्का उभ्या.

"पोरगी आत हाय," त्या म्हणाल्या, "बाकड्याखाली न्हाय."

माझ्या मामांना ठसका लागला. लग्न ठरलं, झालं, त्याला कितीतरी वर्षं लोटली. अजूनही सासरकडच्या कुठल्याही कार्यात मी दिसलो की कुणीतरी शहाणा खुर्चीखाली वाकून बघतो आणि बाकीचे हसतात. ही अक्कांची देणगी.

दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास गावातली गड्ड्याची जत्रा आली की अक्कांचं रंगकाम निघायचं. चाळीच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत सगळं सामान बाहेर. उन्हात नाही, उन्हात रंगाला फोड येतात. आधी काचपेपरने घासायचं, मग फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, "ढेकणाच्या घराला कुलूप" असं म्हणत. मग इरकल लुगड्याचा पदर खोचून, पाटावर बसून, एका दिशेने ब्रश ओढायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला काम लागायचं. पोस्टमनने एकदा पत्र देऊन स्टुलाचा एक पाय रंगवल्याचं मी स्वतः पाहिलंय. मी एकदा पॉलिशची बाजू मांडून बघितली. म्हटलं, "अक्का, पॉलिशमध्ये लाकडाचं खरं रूप दिसतं."

"दिसतंय की," त्या म्हणाल्या. "मग त्याला रोज पुसा, पाणी लावू नका, गरम भांडं ठेवू नका. जावई झाला का टेबल झालं?"



आता माझ्या घराचं सांगतो. व्यापाऱ्याचं घर म्हणजे दुकानाचीच मागची खोली. चांगली वस्तू आली की आधी घरी यायची, कारण घरात मांडलेली बघितली की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरते. गिऱ्हाईक पटलं की वस्तू जायची, दुसरी यायची. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. महानंदा, म्हणजे माझी बायको, एकदा वेळापूरला नात्यातल्या लग्नाला गेली होती. परत आली तर पलंग गेलेला. सतरंजीवर झोपलो आठवडाभर, पाठीला चांगलं असतं म्हणून मी तिला समजावलंही. आमच्याकडे जेवायला आलेला माझा मित्र खुर्चीत बसण्याआधी विचारायचा, "ही संध्याकाळपर्यंत आहे ना?" महानंदाही हसायची. ती हसायची म्हणून मला वाटलं, सगळं ठीक आहे.

अक्का एकदा आमच्याकडे राहायला आल्या. बसायला खुर्ची नव्हती, सकाळीच गेली होती. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. घरभर नजर फिरवली. महानंदाचे कपडे कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत होते, तिकडे बराच वेळ बघत राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. अक्का गप्प बसल्या की माणसाने सावध व्हावं. मी झालो नाही.

त्याच सुमारास मला एक आरशाचं टेबल मिळालं. एका जुन्या घराची वाटणी चालली होती, तिथून आणलं. बर्मा टीक, लंबगोल आरसा, चौकटीवर कोरलेली वेल, ड्रॉवरला पितळी मुठी. असा माल हाताखालून वर्षानुवर्षांत एखादा जातो. विजापूर रोडला बंगला बांधणाऱ्या एका दातांच्या डॉक्टरांना ते मी शब्दाने देऊन टाकलं होतं. त्यांचा रंग-चुना व्हायचा होता, तेवढे दिवस घरी ठेवलं. डॉक्टर ते न्यायला यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो. जिन्यातच टर्पेंटाइनचा वास आला. मला वाटलं, खालच्या बिऱ्हाडात काही चाललं असेल.

दार उघडं होतं. आत आरशाचं टेबल उभं होतं, डोक्यापासून पायापर्यंत पोपटी. वेलीवरच्या एकेका फुलाला लाल टिकली. पितळी मुठीसुद्धा सुटल्या नव्हत्या. अक्का पाटावर बसून शेवटच्या पायाला हात देत होत्या.

"तिकडं उभं राहू नका जावईबापू," वर न बघता त्या म्हणाल्या, "ओला हाय."

मी असा ओरडलो की खालचं बिऱ्हाड वर आलं. "अक्का, हे विकलेलं होतं! उद्या माणूस न्यायला येतोय!"

"व्हय? मला वाटलं घरात ठेवलंय म्हंजे घरचं हाय."

"चार दिवसांसाठी ठेवलं होतं!"

"माझी पोरगी बी तुमच्या घरात हाय," अक्का म्हणाल्या. ब्रश थांबला नव्हता. "ती किती दिवसांसाठी ठिवलीय म्हनायची?"

खालच्या बिऱ्हाडातल्या म्हातारबाबांनी "अगदी खरं" असं म्हटलं. त्यांच्याशी मी पुढे वर्षभर बोललो नाही.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, टेबलाकडे बघून मनसोक्त हसले आणि गेले. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो, खरवडून देतो म्हणालो, गॅसच्या ज्योतीने रंग उतरवून देतो म्हणालो. नाही जमलं. तोंडात खडीसाखर घोळवावी तसा तो तोटा मी दिवसभर घोळवत राहिलो. संध्याकाळी घरी आलो तर महानंदा आरशासमोर बसून वेणी घालत होती. तिने तिन्ही ड्रॉवर भरले होते. बांगड्या, कुंकवाचा करंडा, रिबिनी, सेफ्टी पिना, माहेरचे दोन फोटो. लग्न झाल्यापासून घरात इतके ड्रॉवर येऊन गेले, पण तिने एकातही कधी काही ठेवलं नव्हतं. कधीही रिकामं करून द्यावं लागेल म्हणून. हे तिने मला त्या दिवशी सांगितलं. आरशातून बघत, वेणीचा पेड न सोडता.

मी म्हटलं, "पण रंग भयंकर आहे."

ती म्हणाली, "आहेच की."

त्यानंतर आमच्या घरात युद्ध सुरू झालं. अक्कांनी एक डबा आणि ब्रश आमच्याच घरी दडवून ठेवला होता. कुठे, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मायलेकी एक झाल्यावर घराचा मालकही पाहुणाच. जिन्यात टर्पेंटाइनचा वास आला की मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर धावायचो. पलंग पोपटी झाला. कपड्यांचं कपाट निळं झालं. एकदा मी शिसवी खुर्च्यांचा जोड आणला आणि आल्या आल्या अक्कांना सांगितलं, "यांना हात लावायचा नाही. त्याबदल्यात ते कोपऱ्यातलं कपाट घ्या."

"कपाट नको," त्या म्हणाल्या. "फळी सुटलीया त्याची. खुर्च्या बऱ्या हायत."

"खुर्च्या नाही. फार तर स्टूल घ्या."

"बरं, एक खुर्ची."

"जोड मोडला तर विकेल कसा, अक्का? दोन्ही नाहीतर एकही नाही."

"मग दोनी," असं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

ज्याने उभ्या सोलापुरात भाव करून नाव कमावलं, तो माझ्याच घरात, माझ्याच मालावर, असा हरायचा. मी चिडून त्यांना विचारलंही, तुम्ही भाव करायला शिकलात कुठे? त्या म्हणाल्या, "भाव करताना हातात बिरूश असावा. तुमच्या हातात काय हाय? नुसतं तोंड."

एका जत्रेला मी अंगणात त्यांच्याशेजारी बसलो आणि सरळ विचारलं. रागाने नाही. खरोखर जाणून घ्यायचं होतं. "अक्का, मला खरं सांगा. तुम्हाला रंग आवडतो म्हणून लावता, का माझा धंदा बुडवायला लावता?"

त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळला.

"चाळीत आमचं सामान म्हंजे सगळ्यांचं सामान," त्या म्हणाल्या. "कुनाकडं लगीन निघालं की स्टूल गेलं, बारशाला पाट गेलं. सारकंच लाकूड, कुनाचं कुटलं कळायचं न्हाय. एकदा गेलं की गेलं. मी रंग लावाय लागले. मग पोपटी स्टूल दिसलं की पोरंबी वळखायची, अक्काचं हाय म्हनून. परत यायचं बघा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचं गिऱ्हाईक बी रंग बघून पळतंय. पळालं की ती वस्तू माझ्या पोरीची. दुसरं काय करनार मी? तुमाला सांगून तुमी ऐकनार हुता व्हय?"

ऐकलं नसतं. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. समोरच्या पाटाचा एक कोपरा रंगवायचा राहिला होता, तो रंगवला. "एका अंगानं वढा," त्या म्हणाल्या, "भिंत सारवल्यागत करू नका."

तरीही माझी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. सांगितलं असतं तर निदान मी कुठला माल घरी आणायचा आणि कुठला नाही, हे तरी ठरवलं असतं. बर्मा टीक घरी आणलं नसतं. पोरीसाठी टेबलच हवं होतं तर साधं आंब्याच्या लाकडाचं आणून दिलं असतं. अक्कांनी मात्र माझ्या मालातला नेमका सगळ्यात उंची माल पोरीच्या पदरात पाडून घेतला. हे सगळं नकळत, भाबडेपणाने झालं असं मला कुणी सांगू नये. मी व्यापारी आहे. मला कळतं.

शेवटची दोनेक वर्षं अक्का आमच्याकडेच होत्या. त्या पोपटी पलंगावर झोपायच्या आणि दिवसभर खिडकीशी बसायच्या. हात थरथरायला लागले होते. मी एकदा सागवानी आरामखुर्ची घरी आणली आणि त्यांच्यासमोर मांडली. खोटं कशाला बोलू, जरा त्यांना डिवचायचंही होतं. "रविवारी जाणार आहे," मी म्हणालो.

अक्कांनी बघितलं. उठून, भिंतीला धरत जाऊन त्या खुर्चीत बसल्या, पाठ टेकली, हात फिरवला. महानंदा स्वयंपाकघरातून बघत होती. मला वाटलं, आता डबा मागणार.

"जाऊ द्या," अक्का म्हणाल्या. "कंबर टेकत न्हाय हिला. आमाला नको."

खुर्ची गेली. आयुष्यात पहिल्यांदा अक्कांनी माझ्या एखाद्या वस्तूला घराबाहेर जायची परवानगी दिली होती, आणि आश्चर्य असं की त्या रविवारी गाडी निघाल्यावर मला पूर्वीसारखं बरं वाटलं नाही.

मग अक्का गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास न देता. महानंदाने चाळीतलं निळं बाकडं आमच्या व्हरांड्यात आणून ठेवलं. मी त्याच्याखाली वाकून बघितलं नाही.

आणि आता खरी गंमत ऐका. गेल्या वर्षी गोडाऊनला पुण्याचं एक तरुण जोडपं आलं. त्यांना हॉटेल थाटायचं होतं. पॉलिश केलेल्या मालाकडे ढुंकूनही बघेनात. मागच्या कोपऱ्यात अक्कांनी रंगवलेलं, टवके उडालेलं एक स्टूल पडलं होतं, विकलं जाणार नाही म्हणून बाजूला टाकलेलं. त्याच्यावरच झडप घातली. म्हणाले, असला रंग हल्ली मिळत नाही. टवके तसेच राहू द्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पोरं चेष्टा करत नव्हती. नंतर तसं विचारणारे आणखी आले. आता धंद्यात अशी हवा आहे की चांगल्या लाकडाला मुद्दाम रंग देऊन मुद्दाम घासून विकतात. ज्या रंगामुळे माझं गिऱ्हाईक जन्मभर पळालं, त्याच रंगामागे आता गिऱ्हाईक पळतंय.

गेल्या महिन्यात त्यातलाच एक गृहस्थ कुणाकडून तरी ऐकून थेट घरी आला. चांगल्या घरचा, गोड बोलणारा. आरशाच्या टेबलासमोर उभा राहिला आणि हलेचना. महानंदा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. मी तिच्याकडे बघितलं नाही, पण ती टेबलाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, एवढं कळलं.

"हे द्यायचंय का?" त्याने विचारलं.

व्यापाऱ्याला "द्यायचं नाही" असं म्हणता येत नाही. जीभच वळत नाही. आमच्यात नाही म्हणायचं असलं की भाव सांगतात. मी असा भाव सांगितला की दातांच्या डॉक्टरांना ऐकवला असता तर त्यांचे स्वतःचे दात पडले असते. म्हटलं, आता हा हसेल, घासाघीस करेल, मी अडून बसेन, तो कंटाळून जाईल.

"ठीक आहे," तो म्हणाला. "टेम्पो खालीच आहे."

मला जो संताप आला, तो सांगता येत नाही. "ठीक आहे म्हणजे काय?" मी ओरडलो. "भाव करायचा असतो, कळतं का? वस्तू घ्यायला आलात का लुटून न्यायला? कुणी शिकवलंय तुम्हाला? असं तोंडावर हो म्हणतात का कुणी?" तो बिचारा "पण तुम्हीच तर म्हणालात" असं म्हणत मागे सरकला. मी त्याला जिन्यापर्यंत ओरडत नेलं. खालचे म्हातारबाबा आता नाहीत, पण त्यांचा मुलगा बाहेर आला, माझ्याकडे बघून आत गेला आणि कडी लावून घेतली.

वर आलो. चहाचे दोन कप तसेच होते. महानंदाने एक माझ्यापुढे सरकवला, एक स्वतः घेतला आणि ओठ दाबून बसली. मग म्हणाली, "एवढं ओरडायला काय झालं? नको म्हणायचं होतं, झालं."

"मला नको म्हणायची सवय नाही."

"मग?"

"मग काय? उद्या दुसरा कुणी येईल. रंग बघून आता कुणी पळत नाही. दर वेळी मलाच पळवून लावायला पाहिजे."

ती हसायला लागली. हसता हसता तिचा चहा बशीत सांडला. मी मात्र हसलो नाही, आणि हसणारही नाही. अक्का होत्या तोवर आमच्या घरातली वस्तू राखायचं काम त्यांचं होतं. जाताना ते त्यांनी माझ्या गळ्यात टाकलं, आणि तेही भाव न ठरवता.